ओचानोमिझूच्या उतारावर जुनी गिटार पारखताना

टोकियोत जुन्या इलेक्ट्रिक गिटारी बघायच्या असतील तर ओचानोमिझू स्टेशनला उतरायचं. चुओ लाइनची नारिंगी पट्ट्याची गाडी पकडा, ओचानोमिझू पुलाच्या बाजूनं बाहेर पडा आणि मेजी विद्यापीठावरून सुरुगादाईकडे जाणारा उतार धरा. इशिबाशी, कुरोसावा, शिमोकुरा आणि त्यांच्या अधेमधे कितीतरी लहान दुकानं. बहुतेक अकराच्या सुमारास उघडतात. शनिवार-रविवार टाळा. गर्दीत दुकानदार गिटार हातात देतो, पण प्रश्नांना उत्तरं द्यायला त्याला फुरसत नसते.

मी गेलो होतो 'जेव्ही' स्ट्रॅटोकास्टर बघायला; स्ट्रॅटोकास्टर, म्हणजेच स्ट्रॅट, हे अमेरिकेच्या फेंडर कंपनीचं गाजलेलं मॉडेल. 1982 मध्ये तिची जपानी शाखा, फेंडर जपान, सुरू झाली, गिटारी मात्सुमोतोच्या फुजिगेन कारखान्यात बनू लागल्या, आणि 1984 पर्यंतच्या पहिल्या मालाचा सीरियल नंबर 'जेव्ही'नं सुरू होतो. संग्राहक मागे धावतात तो हाच माल. अमेरिकन विंटेजसाठी, म्हणजे जुन्या अमेरिकन गिटारींसाठी, मात्र एवढ्या लांब जाऊ नका. त्याचा भाव जगभर सगळ्यांना ठाऊक असतो आणि टोकियोचे दुकानदार काही भोळे नाहीत.

आता खरी गोष्ट. स्ट्रॅटवर 'जेव्ही' नंबर मागच्या नेक प्लेटवर (गिटारची नेक, म्हणजे मान, धडाला जोडणारी धातूची पट्टी) कोरलेला असतो आणि ती प्लेट चार स्क्रूंवर बसते. म्हणजे दहा मिनिटांत ती कुठल्याही गिटारवर जाऊ शकते. एका दुकानात प्लेट 'जेव्ही', पण नेकवर 'क्राफ्टेड इन जपान' अशी गिटार टांगलेली होती. 'क्राफ्टेड' हा शिक्का साधारण 1997 पासूनचा, तेव्हा दोन्ही एकाच जन्माचे असूच शकत नाहीत. दुकानदारानं चिठ्ठीवर जपानीत नेक बदलल्याचं सरळ लिहिलंही होतं, किंमतही त्याच हिशेबानं लावलेली. म्हणून फोनमधलं भाषांतराचं अ‍ॅप आधी चिठ्ठीवर फिरवा, मग गिटारला हात लावा. 'नेक्कू ओरे' म्हणजे नेक मोडून जोडलेली. गिब्सन या दुसऱ्या अमेरिकन कंपनीच्या पद्धतीच्या गिटारींत हे फार, कारण हेडस्टॉक, म्हणजे नेकचं वरचं टोक, मागे कललेला असतो आणि पडली की तिथेच तडकते.

नंतरच्या मालात आणखी एक घोळ आहे: 'ए' अक्षराचा नंबर 1985-86 मध्येही आहे आणि 1997-98 मध्येही. नेकवर 'मेड इन जपान' आहे की 'क्राफ्टेड इन जपान' हे वाचल्याशिवाय नुसत्या अक्षरावरून वर्ष सांगू नका. ग्रेको हा जपानी ब्रँड त्या मानानं सोपा. सत्तरीच्या उत्तरार्धातल्या त्याच्या नंबरात अक्षर महिना सांगतं, पुढचे दोन आकडे वर्ष; 'ई79' म्हणजे मे 1979.

भावाची पहिली किल्ली मॉडेलच्या नावातच असते. 'एसटी62-115' मधला 115 म्हणजे तेव्हाची 1,15,000 येन किंमत. 65 वाली आणि 115 वाली लांबून सारख्याच दिसतात, पण 115 ला लॅकर फिनिश आणि अमेरिकन पिकअप (तारांचा आवाज टिपणारे चुंबक) होते, त्यामुळे आजच्या भावातही मोठा फरक पडतो. मात्र पिकअप बदललेले असतील तर 115 चा भाव देऊ नका. दुकानात नेक काढून दाखवा म्हटलं तर बहुधा नाही म्हणतात, पण नेक पॉकेटचे (नेक बसते ती खाच) आणि पिकगार्डखालचे (धडावरच्या पातळ पट्टीखालचे) फोटो मागा. असले तर आनंदानं दाखवतात. वायरींच्या जोडांवरचं सोल्डर चकचकीत नवं दिसलं तर काय बदललंय हे विचारायचंच.

अमेरिकन गिटार समोर आलीच तर पॉटवरचा (आवाजाच्या खुंटीखालच्या भागावरचा) आकडा वाचा. 1376632 मधलं 137 म्हणजे सीटीएस कंपनी, 66 वर्ष, 32 आठवडा. पॉट मूळचा असेल तर गिटार त्याआधीची असू शकत नाही. नंतरची मात्र असू शकते, कारण फेंडरकडे 1966 च्या पॉटचा साठा पुढे काही वर्षं पुरला. खिशात छोटा यूव्ही टॉर्च ठेवा: जुनं नायट्रो लॅकर (जुन्या गिटारींवरचा पारदर्शक लेप) त्याखाली पिवळट-हिरवं चमकतं, नंतरचा रंग तिथे वेगळा दिसतो. पुन्हा रंगवलेली विंटेज गिटार साधारण निम्म्या भावात येते, मग रंग कितीही देखणा असो. आणि जपानी नकलांना लावतात त्या 'लॉसूट', म्हणजे खटल्यातली, या शब्दाला भुलू नका. गिब्सनच्या मालकांनी 1977 मध्ये दावा लावला तो आयबानेझ या जपानी ब्रँडच्या अमेरिकेतल्या कंपनीवर, हेडस्टॉकच्या आकारावरून. बाजारात मात्र सत्तरीतली प्रत्येक जपानी नक्कल त्याच नावानं खपवतात.

किंमत ठरवताना डिजिमार्ट या जपानी वाद्यविक्रीच्या साइटवरचे आकडे पाहा, पण ते मागितलेले भाव आहेत. रिव्हर्ब या वाद्यांच्या ऑनलाइन बाजारावर प्रत्यक्ष विकलेल्यांचे आकडे मिळतात. दोन्हींच्या मधे कुठेतरी थांबायचं. चिठ्ठीवर 'इताकु' असेल तर माल दुसऱ्याचा, दुकान फक्त विकून देतंय, तिथे घासाघीस फारशी चालत नाही. इतर ठिकाणी दर पाडून मागण्यापेक्षा केस किंवा सेटअप (तारा-नेकची जुळणी) मागा, ते मिळतं.

पासपोर्ट जवळ ठेवा, 10 टक्के कर वाचतो. 1 नोव्हेंबर 2026 पासून हा कर आधी भरून विमानतळावर परत घ्यायचा आहे. विमानासाठी तारा सैल करून हार्ड केस. फिंगरबोर्ड ब्राझिलियन रोझवूडचा असेल, जुन्या अमेरिकन गिटारींत असतो, तर ते लाकूड 1992 पासून सायटिसच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराचा आंतरराष्ट्रीय करार) पहिल्या परिशिष्टात आहे. परवान्याशिवाय सीमा ओलांडू नका. इतर रोझवूडच्या तयार वाद्यांना नोव्हेंबर 2019 पासून सूट आहे. मुंबईत उतरल्यावर ड्यूटी-फ्री मर्यादेपेक्षा किंमत जास्त असेल तर रेड चॅनलला जा, आणि दुकानाचं बिल वरच्या खिशात ठेवा.