पावतीतले पाच आकडे

पहाटे साडेपाचला फोन आला तेव्हा पलीकडून आधी आरडाओरडा ऐकू आला आणि मग ईडीपीच्या, म्हणजे कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागाच्या, साहेबांचा आवाज. "काट्यावर लोकं चढल्यात. डिस्प्लेला एक वजन आन् पावतीला एक. तुम्ही आत्ताच्या आत्ता या."

उद्यमनगरात माझं दुकान आहे. दुकान म्हणजे आठ बाय दहाची खोली, सोल्डरिंगचं टेबल आणि खुंटीला टांगलेल्या केबली. साखर कारखान्यांचे वजनकाटे, फौंड्र्यांच्या भट्टीवरचे कंट्रोलर, असल्या यंत्रांना कॉम्प्युटरशी तीन तारांवर बोलायचं असतं. ती बोलेनाशी झाली की मला बोलावतात. कारखान्याचं नाव सांगत नाही. जिल्ह्यात कारखाने कमी नाहीत, कुठलाही समजा.

फोनवर मी एकच गोष्ट बजावली : "कॉम्प्युटर रीस्टार्ट करू नका. कुणालाच हात लावू देऊ नका." हे सांगायला लागतं, कारण आपल्याकडं रीस्टार्ट हा उपाय नसून संस्कार आहे. सॉफ्टवेअर देणाऱ्या कंपनीचा माणूस पुण्याहून फोनवर तेच सांगत होता, असं नंतर कळलं. त्याचं ऐकलं असतं तर काटा पाच मिनिटांत बरोबर चालू झाला असता आणि काय झालं होतं ते कुणालाही कधीच कळलं नसतं.

सव्वासहाला पोचलो. यार्डात ट्रॅक्टरांची रांग पार रस्त्यापर्यंत, दोन-तीन टेपवर गाणी तशीच चालू, मळीचा वास आणि काट्याच्या केबिनभोवती शंभरेक माणसं. शेतकरी संघटनेची पोरं पुढं होती. एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं, सगळे त्यांना आबा म्हणत होते, मोबाइल माझ्या तोंडासमोर धरला. बाहेरच्या मोठ्या डिस्प्लेचा फोटो : ३३,४८०. दुसऱ्या हातात पावती : ३३,०००. "चारशे ऐंशी किलो कुठं गेलं सांगा. काटा मारतासा व्हय?"

टनाला तीन हजारांच्या वरचा दर धरला तर एका खेपेला जवळजवळ दीड हजार रुपये. बाहेरच्या खासगी काट्यावर वजन करून आलेला माणूस काय चिडत असेल ते मला समजतं. आमच्या घरीही ऊस आहे.

काट्याची रचना माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. प्लॅटफॉर्मखाली लोडसेल, म्हणजे भार मोजणारे सेन्सर, असतात, त्यांच्या तारा केबिनमधल्या इंडिकेटरला येतात. वजन ठरवणारा तो. सील त्याला असतं. तो बाहेरच्या मोठ्या डिस्प्लेला आकडा पाठवतो आणि एका सिरीयल केबलीनं कॉम्प्युटरलाही. कॉम्प्युटर फक्त ऐकतो आणि पावती छापतो. तपासणीला वजनमापांचे साहेब येतात तेव्हा वीस-वीस किलोची प्रमाणित वजनं ठेवून इंडिकेटर बघतात. पावतीवर तोच आकडा उतरतो का, हे तपासताना मी अजून तरी कुणाला पाहिलेलं नाही. शेतकऱ्याला पैसे मात्र पावतीवर मिळतात.

आबांचा ट्रॅक्टर अजून गव्हाणीकडं, म्हणजे ऊस रिकामा करतात तिकडं, गेला नव्हता. तो परत प्लॅटफॉर्मवर घेतला. डिस्प्लेवर ३३,४८०. सॉफ्टवेअरच्या खिडकीत ३३,०००. म्हणजे लोडसेल, इंडिकेटर दोघंही निर्दोष. गडबड तीन तारांमध्ये किंवा त्यापुढं.

मी आज्ञा टाइप करायची काळी खिडकी उघडली. काट्याचा हा लिनक्सचा कॉम्प्युटर तीन हंगामांपूर्वी मीच बसवलेला. पहिली आज्ञा फक्त विचारणारी दिली, एसटीटीवाय, म्हणजे सिरीयल पोर्ट सध्या कुठल्या बोलीवर लावलाय ते सांग. उत्तर आलं : वेग ९६००, आठ बीट (अक्षरामागं शून्य किंवा एकच्या आठ खुणा), पॅरिटी (चूक पकडायची जादा खूण) नाही.

इथंच माझ्या पोटात गोळा आला. इंडिकेटर बोलतो ९६०० वर, पण सात बीट आणि इव्हन पॅरिटी. कॉम्प्युटर सुरू होताना पोर्ट तसाच लावायची ओळ मी स्वतः लिहिली होती. ती चाललेली नव्हती, किंवा चालली होती आणि नंतर कुणीतरी पुसली होती.

मग सॉफ्टवेअर थांबवलं आणि केबलीतून येणारा कच्चा माल हेक्सडंपमधून, म्हणजे प्रत्येक अक्षराचा कोड दाखवणाऱ्या आज्ञेतून, पडद्यावर सोडला. एकसारख्या ओळी सरकायला लागल्या : ए० ए० ३३ ३३ बी४ बी८ ३०, पुढं शेपटीची अक्षरं. खरं तर यायला हवं होतं २० २० ३३ ३३ ३४ ३८ ३०. म्हणजे दोन मोकळ्या जागा, तीन, तीन, चार, आठ, शून्य. तीन आणि शून्य धड आले होते, चार आणि आठ बिघडले होते.

असलं काही दिसलं की मी भान विसरतो, हे बायको कौतुकानं सांगत नाही. मागं शंभर माणसं ओरडतायत आणि मी एका कागदावर शून्य ते नऊ मांडत बसलो. इव्हन पॅरिटीचा नियम असा की आकड्याच्या सात बीटांत 'एक' किती ते मोजायचे. जोड्या जमल्या तर आठव्या जागी शून्य, एखादा एकटा उरला तर त्याला जोडीदार म्हणून आठव्या जागी एक. ऐकणारा पॅरिटी ओळखत असेल तर तो आठवा बाजूला काढतो. आठ बीट समजून ऐकत असेल तर तो त्याला आकड्याचाच भाग मानतो आणि आकड्याचा भलताच प्राणी होतो. कागदावर आलं ते असं : शून्य, तीन, पाच, सहा, नऊ यांच्या जोड्या जमतात, ते शाबूत. एक, दोन, चार, सात, आठ यांचा एक उरतो, ते बाद.

आणि बाद झालेल्यांचं सॉफ्टवेअर काय करत होतं? शून्य. इंडिकेटर वजनाच्या आधी मोकळ्या जागा पाठवतो, म्हणून ते लिहिणाऱ्या शहाण्यानं नियमच करून ठेवला होता की आकडा नसेल तिथं शून्य समजा. न कळलेल्या अक्षरावर थांबून बोंब मारायची, एवढं साधं त्याला सुचलं नाही. तेहतीस हजार चारशे ऐंशीतले चार आणि आठ शून्यावर गेले, बस.

मला सगळ्यात जास्त टोचलं ते ९६००. पोर्ट स्वतःच्या मूळपदावर जातो तेव्हा तो ९६०० वरच जातो. इंडिकेटर २४०० वर असता तर पडद्यावर नुसता कचरा आला असता आणि पहिल्याच गाडीला काटा बंद पडला असता. वेग जुळला म्हणून निम्मं खरं आलं.

मी बाहेर आलो आणि सांगायला लागलो. बीट, पॅरिटी, पहिल्याच वाक्याला एक पोरगा म्हणाला, "इंग्रजी पाजळू नका, चोर कोण ते सांगा." बरोबरच होतं त्याचं. मग मी खाली बसलो, पाचटाच्या काड्या मोडल्या. तीनच्या पोटात चार काड्या, दोन जोड्या. चारच्या पोटात तीन काड्या, एक उरली. उरली की तो आकडा मेला, पावतीवर शून्य. आबा वाकून बघत होते. त्यांनी सदऱ्याच्या खिशातून चष्मा काढला, पावती वर धरली आणि दुसऱ्याला म्हणाले, "तुझी वाच की."

"पस्तीस हजार नव्वद."

"तुझी?"

"तीस हजार सहाशे पन्नास."

"रिकामं वजन वाच."

"नऊ हजार सहाशे तीस."

पंधरा-वीस पावत्या निघाल्या. भरल्या आणि रिकाम्या वजनात एक, दोन, चार, सात, आठ कुठंच नाही. निव्वळ वजनात होते, पण ते वजाबाकीतून आलेले. शाळेत उभं राहून पाढे म्हणावेत तशी माणसं आकडे वाचत होती, आणि वाचता वाचता आवाज उतरत गेला. चोर असले आकडे निवडत नाही, हे मला सांगावं लागलं नाही. त्यातून एकाचं लक्ष गेलं की रिकाम्या वजनातही शून्य होतायत, आणि रिकामं वजन कमी लागलं तर फायदा शेतकऱ्याचा. दोघा-तिघांनी पावत्या हळूच परत खिशात घातल्या. आबा हसले. माझ्या पंचवीस वर्षांच्या धंद्यात एवढा चांगला प्रेक्षक मला मिळालेला नाही. ईडीपीच्या साहेबांना तेच समजावायला पुढं अर्धा तास गेला, आणि तरी त्यांनी अहवालात 'व्हायरस' लिहू का विचारलं.

इथपर्यंत सगळं सांगायला मला आवडतं. पुढचं नाही.

पोर्ट मूळपदावर का गेला, हे राहिलं होतं. डीमेसेज ही आज्ञा कर्नलची, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची, डायरी दाखवते, कोण आलं, कोण गेलं, वेळेसकट. मागं बरीच मंडळी उभी होती : साहेब, शेती अधिकारी, संघटनेचे दोघं. मी विचार न करता एंटर मारला. रात्री २ वाजून १७ मिनिटांनी सिरीयल कन्व्हर्टर, म्हणजे काट्याची केबल कॉम्प्युटरच्या यूएसबी खाचेला जोडणारा तुकडा, निघाला. त्याच खाचेत दुसरं उपकरण लागलं, आणि त्याचं नाव स्वच्छ छापलेलं, मोबाइलचं मॉडेल. ३ वाजून ५ मिनिटांनी मोबाइल गेला, कन्व्हर्टर परत आला.

सगळ्यांच्या माना खुर्चीकडं वळल्या. रात्रपाळीचा पोरगा, वय बावीस असेल, हंगामी, कामावर येऊन आठवडाही झाला नव्हता. मोबाइल टेबलावरच पडला होता. डायरीतलं मॉडेल तेच. अठ्ठेचाळीस मिनिटं तो बाहेरचा डिस्प्ले बघून हातानं वजनं टाकत होता, आणि ती सगळी बरोबर होती. कन्व्हर्टर परत लावल्यावर काही गाड्या 'नऊ टन', 'सहा टन' दाखवायला लागल्या, कारण पुढचा एक किंवा दोन उडाला होता. त्याही त्यानं हातानं दुरुस्त केल्या. फसला तो तिसाच्या पुढच्या वजनांत, जिथं शून्य बेमालूम बसत होतं. "रांग वाढत होती," एवढंच तो म्हणाला.

साहेबांनी पडद्याचा फोटो काढला. तोपर्यंत ज्या रागाला चेहरा नव्हता त्याला चेहरा मिळाला. संघटनेचे निवळले, ऑफिस निवळलं, सगळ्यांना तो पोरगा पुरला.

आता माझा भाग. कन्व्हर्टर काढून परत लावला की लिनक्स त्याला कधी कधी नवा नंबर देतं, जुन्या नावानं तो सापडत नाही, सॉफ्टवेअर बंद पडतं. दर हंगामात त्यासाठी फोन यायचे. म्हणून मी यूडेव्हचा, म्हणजे लिनक्समध्ये जोडलेल्या उपकरणांना नावं देणाऱ्या भागाचा, एक नियम लिहिला होता : कुठल्याही नंबरानं आला तरी त्याचं नाव 'काटा'च राहील. मला त्या नियमाचा अभिमान होता, चार जणांना दाखवलाही होता. आता बघा, तो नियम नसता तर तीन वाजता सॉफ्टवेअर बंद पडलं असतं, पोरानं कुणाला तरी उठवलं असतं. नियम होता म्हणून सॉफ्टवेअरला 'काटा' सापडला आणि ते गपगुमान कामाला लागलं. बाकीची मांडणी सॉफ्टवेअर पोर्ट उघडताना स्वतः करतं, पण वेग आणि पॅरिटी आहे तशीच ठेवतं. आणि पॅरिटी लावणारी माझी ओळ चालते फक्त कॉम्प्युटर सुरू होताना.

हे मी एमडी साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "तुम्ही कशाला स्वतःवर घेता? तुम्ही यायच्या आधी बिघडलं होतं." बाहेरच्या माणसांना मी सांगितलं नाही. काड्या मोडून पॅरिटी समजावली, तशी माझी ही चूकही समजावता आली असती. आबांना तर नक्कीच कळली असती.

भरपाईचं झालं ते ठीक झालं. न रिकाम्या झालेल्या गाड्या परत तोलल्या. रिकामी वजनं पुढच्या खेपेला मिळाली. उरल्या त्या भरल्या वजनाच्या पावत्या. शून्याच्या जागी मूळचं शून्य, एक, दोन, चार, सात, आठ यातलं काहीही असू शकतं, आणि कच्चा माल कुणी साठवलेला नव्हता. ज्यांच्याकडं फोटो होता त्यांचं फोटोप्रमाणं. बाकीच्यांच्या शतकातल्या आणि दशकातल्या शून्याला सरळ आठ धरा, असं मी सुचवलं, शेतकऱ्याच्या बाजूनं. ऑफिसनं ते दहा मिनिटांत मान्य केलं. एवढ्या लवकर का, तर संचालक मंडळाची निवडणूक तोंडावर होती.

पोराला त्याच दिवशी 'उद्यापासून येऊ नको' झालं. मी साहेबांशी दोनदा बोललो. केबिनमध्ये चार्जिंगला एकच प्लग आहे आणि त्यात हीटर लावलेला असतो, हेही दाखवलं. ते म्हणाले, "तुमच्याच मशिननं सांगितलं की."

दुरुस्ती दोन मिनिटांची होती. त्याच यूडेव्ह नियमाला एक तुकडा जोडला, आता कन्व्हर्टर कधीही लागला की सात बीट आणि पॅरिटी आपोआप लागते. पाच वेळा उपसून लावून बघितलं. पाचही वेळा ३३,४८०. नको असलेलं अक्षर आलं तर पावती अडवायचं काम पुण्याच्या कंपनीकडं दिलंय, तीन आठवडे झाले, 'पुढच्या व्हर्जनमध्ये' आहे.

परवा बिलाला गेलो तेव्हा साहेबांनी मुद्दाम केबिनमध्ये नेलं. कन्व्हर्टरवर कुणीतरी मूठभर एमसील थापलंय, खाचेसकट. "आता निघतोय का बघा," म्हणाले. मी ओढून बघितलं. निघत नाही. शेजारी ड्रॉवरमध्ये त्या पोराची चार्जिंगची केबल अजून होती, ती मी बरोबर घेऊन आलो. नंबर ऑफिसात मागितला, पण हंगामी लोकांचं रजिस्टर ठेकेदाराकडं असतं म्हणाले.