किकी बर्टेन्सची नोंदवही: एकेरीची १० विजेतेपदं भरून झाली

या खेपेला डच टेनिसपटू बर्टेन्सची २०१२ ते २०२० मधली एकेरीची विजेतेपदं पहिल्यापासून पुन्हा भरली. जुन्या तक्त्यात कोर्टाच्या रकान्यात नुसतं ‘क्ले’ (मातीसारखं) नाहीतर ‘हार्ड’ (टणक) लिहिलेलं होतं. बेरीज ६ क्ले, ४ हार्ड. म्हणजे ती क्लेची खेळाडू, विषय संपला! तेवढ्यावर थांबणं तिच्यावर अन्याय करणारं आहे.

रकाना चार भागांत फोडला. लाल क्ले: फेस २०१२, न्युरेमबर्ग २०१६ आणि २०१७, ग्श्टाड २०१७, माद्रिद २०१९. हिरवी क्ले: चार्ल्सटन २०१८. उघड्यावरचं हार्ड: सिनसिनाटी आणि सोल, दोन्ही २०१८. इनडोअर हार्ड: सेंट पीटर्सबर्ग २०१९ आणि २०२०. आता वर्षानुसार लावून बघा. पहिली चारही लाल क्लेवर, पण २०१८ पासूनच्या सहांत लाल क्लेवरचं एकटं माद्रिद. चार्ल्सटनची दगडाच्या चुऱ्याची हिरवी क्ले लालपेक्षा थोडी वेगवान. माद्रिद समुद्रसपाटीपासून साधारण ६५० मीटरवर. हवा विरळ, चेंडू पळतो, १.८२ मीटर उंचीच्या खेळाडूची सर्व्हिस आणखी जड होते. तिथे तिने सहा सामन्यांत एकही सेट गमावला नाही. अंतिम फेरीत हालेपवर ६-४, ६-४. म्हणून समुद्रसपाटीपासूनच्या उंचीचाही रकाना जोडलाय. ग्श्टाड तर हजार मीटरच्या वर.

फेस २०१२ आणि न्युरेमबर्ग २०१६ पात्रता फेरीतून आलेली आहेत. पात्रता फेरीतले विजय वेगळ्या रकान्यात ठेवा, मुख्य फेरीत मिसळले की सलग विजयांचा आकडा फुगतो.

गुणफलक भरताना सर्वात जास्त चुका टायब्रेकमध्ये (६-६ नंतर सेट ठरवणारा डाव) होतात. सिनसिनाटीची अंतिम फेरी २-६, ७-६ (६), ६-२. कंसातला ६ हा टायब्रेक हरलेल्या हालेपचा. टायब्रेक ८-६ असा सुटला. मॅचपॉइंट (जो गमावला की सामनाच जातो तो गुण) वाचवल्याची खूण गुणफलकात कुठेच दिसत नाही, ती शेऱ्यात लिहावी लागते. इथे एक वाचवलाय, आणि तिच्या कारकिर्दीतला तो एक गुण शेऱ्याशिवाय राहता कामा नये.

अर्धवट सुटलेले सामनेही नीट बघा. सिंगापूर २०१८ मध्ये ओसाकाने ३-६ नंतर सामना सोडला: बर्टेन्सचा विजय. शेनझेन २०१९ मध्ये बेन्चिचविरुद्ध ५-७, ०-१ वर बर्टेन्सनेच सोडला: पराभव. दोन्ही हिशेबात धरायचे. पुढे चाल (वॉकओव्हर) मात्र धरायची नाही, कारण त्यात चेंडू खेळलाच जात नाही.

क्रमवारीचा तक्ता अर्धा झालाय. १३ मे २०१९ ला चौथी, डच महिलांमधली आजवरची सर्वोच्च. आधीची बेट्टी स्टोव्हची पाचवी. २०२० मध्ये मार्च ते ऑगस्ट क्रमवारी गोठवलेली होती, ते आठवडे राखाडी रंगवा, नाहीतर सरळ रेष बघून ती फॉर्मात टिकून होती असं वाटतं.

दुहेरीची १० विजेतेपदं बाकी आहेत. तिथे जोडीदाराचा रकाना आधी लागेल, योहाना लार्सनचं नाव वारंवार येतं.

आणखी एक खड्डा: क्रमवारीच्या गुणांवरून सामने भरत असाल तर रिओ २०१६ आणि टोकियो २०२१ सुटतील, कारण या दोन ऑलिम्पिकना गुणच नव्हते. एरानीविरुद्धचा पराभव आणि वोंद्रुशोवाविरुद्धचा ४-६, ६-३, ४-६ हे हातानेच टाकावे लागतात. त्यातला दुसरा तिचा एकेरीतला शेवटचा सामना.