सहा दिवस कमी

‘बेकार झालं की सरकार अर्धा पगार देतं’ असा मेसेज व्हॉट्सॲपवर फिरला की आठवडाभर माझ्या सेवा केंद्रावर त्याच चौकशा. मी आधी एवढंच विचारतो, पगारातून ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचा हप्ता, कापत होते का? बहुतेकांचं काम तिथेच संपतं. आंब्याच्या बागेतला गडी, हॉटेलातला पोऱ्या, बोटीवरचा खलाशी, यांच्यासाठी तो फॉर्म नाहीच. मग लोक माझ्यावर चिडतात, जणू योजना मीच काढलीय.

ज्यांचा ईएसआय कापला जातो त्यांच्यासाठी मात्र खरंच काहीतरी आहे. नाव अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना, सुरुवात 1 जुलै 2018. आधी सरासरी कमाईच्या 25 टक्के मिळायचे, 24 मार्च 2020 पासून 50 टक्के. जास्तीत जास्त 90 दिवसांचे, आणि आयुष्यात एकदाच. काम सुटल्यावर आधी तीन महिने थांबावं लागायचं, आता 30 दिवस. पूर्वी वीस रुपयांच्या स्टँपवर प्रतिज्ञापत्र लागायचं आणि कागद मालकाच्या हातून पुढे जायचे. ज्याने काढलं त्याच्याच दारात सही मागायला जायचं! ते दोन्ही गेलं. आता अर्ज ऑनलाइन, सोबत आधार आणि बँक पासबुक.

ऐकायला सोपं आहे. प्रत्यक्षात पहिला अर्धा दिवस आधारातच जातो.

शेवंताकाकी (नाव बदललंय) माझ्याकडे आल्या त्या 2023च्या धनत्रयोदशीला, शुक्रवारी. केंद्र दुपारी बंद करून घरी फराळाला हात लावायचा बेत होता. काकी मासळीच्या कारखान्यात ठेकेदाराच्या हाताखाली कोळंबी सोलायच्या. गणपतीनंतर कंपनीने ठेकेदार बदलला. नव्या ठेकेदाराने तरण्या मुली घेतल्या, जुन्या बायकांना सांगितलं, बोलावू तेव्हा या. बोलावलं कुणीच नाही.

त्यांचा अंगठा मशिनवर उमटेना. ही आमच्याकडची नेहमीची कटकट, पण बाहेरच्यांना सांगून पटत नाही. वर्षानुवर्षं बर्फाच्या पाण्यात हात घालून करंदी सोलली की बोटांची कातडी पांढरी, गुळगुळीत होते. कोळंबीच्या डोक्यावरचा काटा टोचून टोचून तिच्यावर बारीक भोकं पडतात आणि रेषा अशा राहतच नाहीत. काकींनी पदराला पुसून पुसून सगळी बोटं लावून पाहिली, यंत्र आपलं लाल दिवाच दाखवत राहिलं. बायोमेट्रिक ज्यांनी शोधलं त्यांनी कोळंबी खाल्ली असेल, सोललेली नसणार. ओटीपीने जावं तर आधारला जोडलेला नंबर मुंबईला असलेल्या मुलाचा, आणि तो लोकलमध्ये. फोन लागेपर्यंत ओटीपीची मुदत संपायची. शेवटी दादरला उतरून त्याने आकडे सांगितले.

मग ईएसआयच्या पोर्टलवर काकींचं खातं उघडलं. फॉर्म भरण्याआधी मी नेहमी जमा-इतिहास बघतो. हे कुणी सांगत नाही म्हणून इथे सांगतो: तुमच्या नावावर दर महिन्याला दोन आकडे असतात, पगार किती आणि दिवस किती. लोक पगार बघतात. बेकारीचा दावा मंजूर व्हायचा तो दिवसांवर.

ईएसआयचं वर्ष दोन सहामाह्यांत चालतं, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. काम सुटायच्या लगेच आधीच्या सहामाहीत किमान 78 दिवस भरलेले हवेत, त्याआधीच्या तीनपैकी एकीत आणखी 78, आणि एकूण नोकरी दोन वर्षांची. काकींची नोकरी 2019 पासूनची. मागच्या सहामाह्याही ठीक होत्या. शेवटची अशी होती: एप्रिल 19, मे 20, जून शून्य, जुलै शून्य, ऑगस्ट 17, सप्टेंबर 16.

बेरीज 72.

जून-जुलै शून्य का, हे कोकणात कुणाला विचारायला नको. 1 जून ते 31 जुलै मासेमारीबंदी. होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, रत्नागिरीचं मिरकरवाडा बंदर गप्प, कारखान्यात सोलायला माल नाही. म्हणजे समुद्रावर पोट असलेल्या माणसाची ही सहामाही दरवर्षी चारच महिन्यांची. नियम करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बारा महिने धूर सोडणारा कारखाना होता, त्याला माझा इलाज नाही. तरीही चार महिन्यांत 78 दिवस सहज भरतात. काकी तर रविवार सोडून रोज जायच्या, गणपतीचे पाच दिवस सोडले तर.

“काकी, महिन्याला सतरा-अठराच दिवस गेलात?”

“कोण सांगतो? तापात पण गेलंय मी. थांब.”

आणि त्यांनी पिशवीतून चिठ्ठ्या काढल्या. काट्यावर वजन झालं की सुपरवायझर हाताने लिहून देतो त्या: तारीख, किलो, सही. रबरबँड लावून महिन्यावार बांधलेल्या. वास असा की शेजारच्या झेरॉक्सवाल्याने डोकं आत घातलं. मोजल्या, त्या चार महिन्यांच्या 94 भरल्या.

आता हे 94 चे 72 कसे होतात ते मला चांगलं माहीत आहे. केंद्र टाकायच्या आधी मी काही वर्षं एका कन्सल्टंटकडे पीएफ-ईएसआयची रिटर्नं भरायचो. सोलणाऱ्या बायकांना मजुरी किलोवर मिळते. महिन्याअखेर प्रत्येकीची रक्कम येते, समजा साडेआठ हजार. ही रक्कम खऱ्या दिवसांनी भागली तर रोज किमान वेतनाच्या खाली जातो आणि कागदावर गुन्हा दिसतो. म्हणून उलटं करतात. रकमेला किमान वेतनाच्या रोजाने भागतात, जे उत्तर येईल तितके दिवस हजेरीपटावर. बाई पंचवीस दिवस उभी असते, पट म्हणतो अठरा. दिवस खरे दाखवले तर दर कमी पडतो, दर पुरा दाखवला तर दिवस कमी पडतात. ठेकेदारांना दुसरा पर्याय सोयीचा, कारण तपासणीला येणारा आधी दर बघतो.

एक्सेलमध्ये हा भागाकार एका सूत्राचा आहे. शंभर बायकांचे दिवस डोळ्याचं पातं लवायच्या आत तयार होतात.

एक दार अजून उघडं होतं. सहामाही संपल्यापासून 42 दिवसांत मालक राहिलेले दिवस पुरवणी चलनाने भरू शकतो. सप्टेंबरअखेरपासून बेचाळिसावा दिवस म्हणजे 11 नोव्हेंबर. उद्या. त्यातही दुसरा शनिवार, पण पोर्टलला सुट्टी नसते.

सहा दिवस वाढवायला किती पैसे लागतात ते मी हिशेब करून ठेवलं आणि मगच फोन लावला. काकींचा कागदावरचा रोज 476 रुपये. सहा दिवसांचे 2,856. त्यावर कामगाराचे पाऊण टक्का 22 आणि मालकाचे सव्वातीन टक्के 93. एकूण 115 रुपये, वर किरकोळ व्याज. आणि समोर काय? मागच्या चार सहामाह्यांची कमाई 1,71,550, तिला 730 ने भागायचं, त्याच्या निम्मे. दिवसाला साडेसतरा वर शंभर, म्हणजे 117 रुपये 50 पैसे. 90 दिवसांचे 10,575. लोकांना वाटतं निम्मा पगार म्हणजे महिन्याच्या हातातल्या पैशाचा निम्मा. भागाकारात पावसाळ्याचे रिकामे महिनेही मोजले जातात हे पहिल्यांदाच दावा करणाऱ्याने मनात धरून ठेवावं. तरी काकींना ती रक्कम मोठीच होती.

काकींच्या जुन्या ठेकेदाराची रिटर्नं भरणारा पोरगा माझ्या ओळखीचा. हुशार आहे, कामाला चोख. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, “सर, 115 मी माझ्या खिशातून भरीन. पण 2,856 चा पगार दाखवायला लागेल, तो बँकेतून गेलेलाच नाही. आणि पगार न दाखवता दिवस वाढवले तर रोज खाली येतो. कसंही केलं तरी मी अडकतो.”

मी म्हटलं, ठेकेदाराने 2,856 तिला देऊन टाकावेत, तिचेच आहेत.

“एकीला दिले तर चाळीस जणी उद्या गेटवर येतील.”

त्याचं खोटं नव्हतं. चाळीसही जणींचे दिवस त्याच सूत्रातून आलेले. आणि गोष्ट एकट्या बेकारीभत्त्याची नाही. एप्रिल ते सप्टेंबरच्या 78 दिवसांवरच जानेवारी ते जूनचा आजारपणाचा भत्ता ठरतो, 70 टक्के, 91 दिवसांपर्यंत. म्हणजे दर वर्षी निम्मं वर्ष या बायका आजारी पडल्या तर त्यांना भत्ता नाही, आणि पगारातून कापणं मात्र काम असेल त्या प्रत्येक महिन्याला चालू. हे मी रिटर्नं भरताना कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. आम्ही महिना बघायचो, सहामाहीची बेरीज कुणी करत नव्हतं.

मग मी दुसरा मुद्दा काढला. ऑक्टोबरचं चलन 15 नोव्हेंबरपर्यंत भरायचं असतं, ते व्हायचं होतं. त्यात कामगार का गेला याचा आकडा टाकावा लागतो. दोन म्हणजे नोकरी सोडली. दहा म्हणजे कामगारकपात. अकरा म्हणजे काम नाही. यादी तेरापर्यंत आहे आणि मला ती अजून तोंडपाठ आहे. ईएसआयच्या शाखेतल्या माणसाला ‘सोडली’ दिसलं की पहिली शंका, स्वतःहून गेली असेल. म्हटलं, निदान दोनच्या जागी दहा टाक. तो हसला. दहा टाकला तर भरपाईचा प्रश्न येतो, वर्षाला पंधरा दिवसांचा पगार. बाहेर काढलेला प्रत्येक ठेका कामगार आमच्या जिल्ह्यात ‘स्वतःहून’ गेलेला असतो, तो असा.

तासाभराने त्याचाच उलट फोन आला. 1 मे आणि 15 ऑगस्ट या भरपगारी सुट्ट्या पटावर नाहीत, त्या दोन दिवसांचे पैसे ठेकेदार द्यायला तयार आहे, दिवाळीचं म्हणून. ते दोन दिवस कायदेशीर वाढतात.

72 आणि दोन, 74.

काकींना मी हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “असू दे, दोन तर दोन. माझेच हायत ना?” पोराने ते शनिवारी संध्याकाळी भरले. पावती मला पाठवली, वर पणतीचं चित्र.

दावा भरून काही होणार नव्हतं. पीएफचं मात्र जमण्यासारखं होतं, महिनाभर काम नसेल तर 75 टक्के उचलता येत होते. तो अर्ज दिवाळीनंतर केला, पासबुकावरचं माहेरचं नाव आधी दुरुस्त करून. त्यात डिसेंबर गेला.

राहिली तक्रार. 94 चिठ्ठ्यांच्या झेरॉक्स लावून शाखेकडे अर्ज करायचा, सामाजिक सुरक्षा अधिकाऱ्याने ठेकेदाराचा पट तपासावा म्हणून. मी अर्ज लिहून काढला. बरा झाला होता, मला माझ्या लिहिण्याचं कौतुक आहे. काकींनी वाचून घेतला आणि विचारलं, माझं नाव घालायलाच लागेल का? त्यांची जाऊ आणि भाची त्याच गावातल्या दुसऱ्या कारखान्यात, आणि तिथला ठेकेदार याचाच मावसभाऊ. मी काय सांगणार? निनावी अर्जाला चिठ्ठ्या लावल्या तर चिठ्ठीवर नाव आहेच. चाळीस जणींनी मिळून सही केली तर गोष्ट वेगळी, असं मी म्हटलं. त्यावर त्यांनी माझ्याकडे जे बघितलं त्यावरून कळलं की हा विचार त्यांनी माझ्या आधी करून सोडून दिलाय.

त्या पोराचा मला राग येत नाही, हेच मला खुपतं. त्याच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला तो करतो तेच सुचतं. राग येतो तो शाखेच्या माहितीपत्रकाचा. त्यावर हसतमुख कामगार आहे, डोक्याला पिवळं हेल्मेट. दिवस कुठे बघायचे, कमी दिसले तर कुणाला आणि कधीपर्यंत सांगायचं, यावर एक ओळ नाही.

जानेवारीत काकी नव्या ठेकेदाराकडे लागल्या, म्हाकूल साफ करायला. मी त्यांच्या मुलाला महिन्याच्या महिन्याला खातं उघडून बघायला शिकवलंय. पहिल्या महिन्याचे दिवस त्याने मुंबईहून फोटो काढून पाठवले, 17. काकींना विचारलं, चिठ्ठ्या किती? चोवीस, म्हणाल्या. ही सहामाही मार्चअखेर संपते, त्यानंतरचे बेचाळीस दिवस 12 मेला. अर्जाचं काय करायचं ते विचारलं, तर म्हणाल्या, शिमगा होऊ दे, मग बसू.