सहा फूट तीन इंच उंची आणि ट्रायल्सची फ्रेम : माझा अनुभव

साधी एमटीबी (माउंटन बाइक) घेताना मला कधी डोकं लावावं लागलं नाही, एक्सएल फ्रेम मागायची, सीट वर करायची, विषय संपला. ट्रायल्सच्या, म्हणजे पाय न टेकता दगड-कठड्यांवर उड्या मारत चढायच्या सायकलला सहसा सीटच नसते. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवली तर म्हणाली, अरे पण बसायचं कुठे यावर? तिचा प्रश्न एकदम बरोबर आहे कारण बसायचंच नसल्यामुळे सीट ट्यूबवरून साइज काढायचा आपला नेहमीचा हिशोब इथे चालतच नाही. स्मॉल-मीडियम-लार्ज पण सहसा नसतं, दिलेले असतात ते मिलिमीटरमधले आकडे, व्हीलबेस (दोन्ही एक्सलमधलं अंतर), चेनस्टे (बीबी, म्हणजे पेडलचे दांडे जिथे फिरतात तो बॉटम ब्रॅकेट, तिथपासून मागच्या एक्सलपर्यंतची लांबी), रीच (बीबीपासून फ्रेमच्या पुढच्या टोकापर्यंतचं आडवं अंतर) आणि बीबी राइज (तो खाली सांगतो), आणि यातून आपलं आपण शोधायचं.

आधी चाक ठरवा, फ्रेम नंतर. २० इंची म्हणजे मॉड, व्हीलबेस साधारण १ मीटर, चपळ असते पण मी खाली बसून उडी घ्यायला गेलो की गुडघे हँडलला भिडायचे. उंच लोक स्पर्धेत मॉड चालवतात, नाही असं नाही, पण मला काही ते झेपलं नाही. २४ इंची ही स्ट्रीट ट्रायल्सची, व्हिडिओंमुळे गाजलेल्या स्कॉटिश रायडर डॅनी मॅकअस्कलमुळे जगभर माहीत झालेली, भिंती-कठडे-मॅन्युअल (पेडल न मारता मागच्या चाकावर जाणं) असं सगळं करायचं असेल तर हीच घ्या. मी राहतो मँचेस्टरला, पीक डिस्ट्रिक्टच्या डोंगराळ भागातले ग्रिटस्टोनचे (खरखरीत वालुकाश्माचे) दगड जवळ, मला त्या दगडांवरच चढायचं होतं म्हणून २६ इंची, म्हणजे स्टॉक.

आता खरी गंमत. जो भेटेल तो सांगायचा, तू उंच आहेस, लांब व्हीलबेस घे. ठीक आहे, पण ती लांबी कुठून आली ते कोणी सांगत नाही! दोन फ्रेम्स १०९० व्हीलबेसच्या असू शकतात आणि एकीचा चेनस्टे ३८० तर दुसरीचा ३९०. दहा मिलिमीटरने काय होतंय असं वाटतं, पण मागच्या चाकावर उभं राहायला लागलात की कळतं, लांब चेनस्टेवाली पुढून उचलताना जड जाते, दर उडीला जास्त ओढावं लागतं. माझं मत, उंच माणसाला जास्तीची लांबी पुढच्या बाजूला हवी, मागची बाजू आखूडच बरी.

बीबी राइजचं पण तसंच. बीबी दोन्ही एक्सलच्या रेषेच्या किती वर आहे तो हा आकडा. स्पर्धेच्या फ्रेम्सना तो चांगला जास्त असतो कारण मागच्या चाकावर जाणं आणि टिकणं सोपं होतं. पण माझं वजन आधीच एवढं वर, त्यात अजून उंच बीबी म्हणजे दोन्ही चाकं खाली असताना काठीवर उभं राहिल्यासारखं वाटायचं. मी मधली, +५० च्या आसपासची घेतली. जुनी सायकल बघायला गेलात आणि आकडे माहीत नसतील तर टेप न्या, जमिनीपासून बीबीच्या मध्याची उंची घ्या, एक्सलची घ्या, वजा करा, झालं.

ट्राय करताना गोल फेऱ्या मारून काही कळत नाही. पेडल आडवे, चांगला पाय पुढे, मागचा ब्रेक गच्च दाबायचा आणि कंबर मागे टाकून पुढचं चाक उचलायचं. तोल सापडला की हात बघायचे. सरळ ताणलेले असतील आणि पाठ वाकलेली नसेल तर जमलं, हँडल मांड्यांपाशी आलं आणि कोपरं दुमडलेलीच राहिली तर पुढची बाजू तुम्हाला आखूड आहे. पण लगेच फ्रेम रद्द करू नका. एका ओळखीच्याच्या सायकलवर मला असंच होत होतं, त्याने पार्किंगमध्येच ॲलन की काढून ९० मिलिमीटरचा स्टेम (हँडल फोर्कला जोडणारा तुकडा) उतरवला आणि ११० चा, ३५ डिग्री वर जाणारा लावला, तीच फ्रेम, पण हात मोकळे झाले. तेव्हापासून मी रीचचा आकडा एकटा वाचत नाही, रीच आणि स्टेम असं मिळूनच धरतो.

सेकंडहँड घेणाऱ्या उंच लोकांनी अजून एक बघा, फोर्कचा स्टीअरर, म्हणजे फ्रेममधून वर येणारी नळी जिला स्टेम बसतो, ती किती कापलीय ते. आधीचा मालक बुटका असला की त्याने तो पार खाली कापलेला असतो, मग स्पेसर (स्टेम वर उचलणाऱ्या कड्या) टाकायला जागाच उरत नाही आणि फोटोत हे लक्षात येत नाही. मला एक फ्रेम अगदी हवी तशी मिळाली होती, १०९०, ३८० चा चेनस्टे, भाव पण बरा, फक्त स्टीअरर कापलेला. घेतली तीच, फोर्क दुसरा टाकला, वर दोन स्पेसर, तो ११० वाला स्टेम आणि जास्त राइजचं हँडल. फोर्कचे पैसे धरून पण नवीपेक्षा स्वस्त पडली.