आधी कोरे महिने, मग झाडं

बागेत बाराही महिने काहीतरी फुललेलं असावं, एवढीच माझी इच्छा होती. पहिल्या खेपेला मी ऐन पावसाळ्यात रोपवाटिकेत गेले आणि जे जे फुललेलं दिसलं ते उचलून आणलं. दोन महिने वाफा बघत राहावा असा होता. डिसेंबर उजाडेपर्यंत रंग संपला, आणि उन्हाळ्यात तर नुसत्या काड्या.

म्हणून दुसऱ्या खेपेला झाडांची यादी केलीच नाही. एका मोठ्या कागदावर बारा रकाने आखले आणि वर्षभर रानात, बांधावर, रस्त्याकडेला जे फुललेलं दिसेल ते त्या त्या महिन्यात लिहीत गेले. वर्षाअखेर जुलै ते ऑक्टोबरचे रकाने गच्च भरले: रानहळद, कळलावी, निर्गुडी, शतावरी, पारिजातक. पुढचे महिने जवळजवळ कोरे. मग ठरवलं, आधी हेच भरायचे.

कागदावरून सदाफुली खोडताना जीवावर आलं, कारण ती एकटी बाराही रकाने भरत होती. पण ती मूळची मादागास्करची. झेंडू मेक्सिकोकडचा, बोगनवेल दक्षिण अमेरिकेतली. मला इथल्या मातीतली, इथल्या किड्यापाखरांच्या ओळखीची झाडं हवी होती आणि त्यावर मी ठाम राहिले.

थंडीसाठी पिवळी कोरांटी आणि चित्रक लावले. चित्रकाची फुलं पांढरी, साधीच, पण फुलाखालचा हिरवा भाग बोटाला चिकटतो, आणि त्याच्या कळ्यांवर एक चिमुकलं निळसर फुलपाखरू अंडी घालतं. तेवढ्यासाठी तरी तो प्रत्येक बागेत असावा. फेब्रुवारी-मार्च धायटीने भरून काढला. फांदीच्या अंगाला चिकटून लालभडक नळ्यांचे झुपके येतात आणि फुलांतला मध पिणारे चिमुकले शिंजीर पक्षी सकाळपासून तिथेच. मात्र धीर धरावा लागतो, माझी धायटी तिसऱ्या वर्षी फुलली. मागच्या तारेवर कुसरीचा वेल सोडला. उन्हाळ्यातली तिची पांढरी फुलं संध्याकाळी अंगणभर वास देतात.

सगळ्यात मोठी चूक कंदांच्या बाबतीत झाली. कळलावी पावसाळ्यानंतर पार वाळून जाते, जमिनीवर मागमूस राहत नाही. जानेवारीत ती जागा रिकामी समजून मी कुदळ चालवली आणि कंदाचं टोक मोडलं. नवा कोंब त्या टोकातूनच फुटतो, त्यामुळे तो कंद गेलाच. दुसरा एक कंद हिवाळाभर पाणी घालून मीच कुजवला. झोपलेल्या कंदाला पाणी नको, कोरडी माती हवी. आता प्रत्येक कंदाशेजारी बांबूची खुंटी आहे, तिच्यावर नाव आणि झोपेचे महिने. कळलावीचा प्रत्येक भाग विषारी, कंद तर जास्तच, त्यामुळे ती लहान मुलांच्या हाताला लागणार नाही अशा कोपऱ्यात लावलीय आणि कंद हाताळताना मी हातमोजे घालते.

भुईचाफ्याची खुंटीही अशीच महिनोन्‌महिने उघड्या मातीत उभी होती. एप्रिलमध्ये एका सकाळी तिच्या पायथ्याशी माती तडकलेली दिसली आणि दुसऱ्या दिवशी पान नाही, देठ नाही, थेट जमिनीतून पांढरं-जांभळं फूल वर आलेलं. पानं पावसाबरोबर आली.

मे अजून विरळ आहे. त्यासाठी कुंपणाजवळ पांढरा कुडा लावलाय, सध्या गुडघ्याएवढा झालाय.