जुन्या पिकअपच्या केबिनमध्ये काय अंथरावे : माझा अनुभव

माझी पिकअप 2008 सालची असून तिचे बहुतेक आयुष्य रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातून बर्फातली मासळी वाहण्यात गेले आहे. गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर क्लचखालचा पत्रा पायाला दबल्यासारखा लागू लागला, म्हणून केबिनमधील मॅटिंग मी प्रथमच मुळापासून उचलले. वरचे विनाईल अखंड होते. त्याच्या पाठीला चिकटवलेला नमदा (दाबलेल्या तंतूंचा जाड थर) मात्र पिळला असता तर पाणी गळावे इतका ओला होता आणि त्याखाली तळहाताएवढा पत्रा पापुद्रे सुटून गेला होता.

पाणी दोन वाटांनी येत होते. वायपरखालच्या पन्हळीत आंब्याची सुकी पाने कुजून निचऱ्याचे तोंड बुजले होते आणि पावसाचे पाणी डॅशबोर्डमागून आत उतरत होते. दुसरे पाणी आमच्या बुटांबरोबर बंदरावरून येत होते, आणि खरा घात त्यातील मिठाने केला. हवेतील आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलेच पाणी ओढून ओले होते, त्यामुळे कोकणच्या पावसाळ्यात खारावलेला पत्रा नुसता पुसून कोरडा राहत नाही. म्हणून गंजलेला भाग कापून नवा पत्रा जोडल्यावर तळातली रबरी बुचे काढून सगळा तळ गोड्या पाण्याने धुतला, पूर्ण सुकू दिला, उरलेल्या गंजावर फॉस्फरिक आम्लाचे द्रावण लावले आणि ते धुऊन-सुकवून मगच एपॉक्सी प्रायमर व रंग दिला.

अंथरायचे काय, यावर मी फार विचार केला. दुकानदाराचा आग्रह कडेपर्यंत घट्ट बसवायच्या, खाली स्पंज असलेल्या मॅटिंगचा होता. ते देखणे दिसते. परंतु जे उचलता येत नाही त्याखाली काय चालले आहे हे कळत नाही, आणि माझे नुकसान नेमके तसेच झाले होते. वेटोळ्या धाग्यांच्या जाळीदार मॅटमधून पाणी सरळ पत्र्यावर झिरपते, म्हणून तीही नको वाटली. शेवटी मी चारही कडा उंच असलेल्या, जाड रबराच्या सुट्या मॅट घेतल्या, ज्या आतल्या पाण्यासकट उचलून बाहेर ओतता येतात. आवाज दाबणारा बंद पेशींचा फोम (ज्याची आतली छिद्रे एकमेकांना जोडलेली नसतात) पाणी शोषत नसला तरी त्याच्या खाली ओल अडकतेच, म्हणून तो पायांजवळ न घालता इंजिनाकडच्या उभ्या पत्र्यावरच लावला. त्यामुळे घाट चढताना आवाज पूर्वीपेक्षा जास्त येतो. तो मी पत्करला आहे.

पावसाळाभर दर रविवारी मॅट काढून तळ धुतला आणि दारे उघडी ठेवून वाळवला. गणपतीनंतर बारकाईने पाहिले तेव्हा नव्या पत्र्याच्या जोडावर काहीच नव्हते. सीटच्या एका बोल्टभोवती तेवढे तांबूस कडे दिसले, ते घासून तिथे पुन्हा प्रायमर लावला.