नाळेवरचा अर्धा पाच

"आबा, इथे पाच अर्धाच का लिहिलाय?"

बॅलार्ड पियरला गोव्याच्या क्रूझवर चढायची वेळ झाली होती आणि नातू जहाजाच्या नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाकडे, बोट दाखवत होता. इंग्रजी पाचाची वरची टोपी उडवली तर जे उरेल, तशी खूण तिथे रंगवलेली. एकतीस वर्षं जहाजांची ड्रॉइंगं काढून निवृत्त झालेल्या माणसाला याहून गोड प्रश्न कोण विचारणार? सूनबाई म्हणाली, "झालं, आता आबा सुरू." झालोच.

ती खूण टगवाल्यांसाठी, म्हणजे मोठ्या जहाजांना ओढणाऱ्या-ढकलणाऱ्या छोट्या बोटींसाठी असते. इथे पाण्याखाली नाळेला पुढे आलेलं बोंडासारखं फुगीर नाक आहे, जपून या, असं ती सांगते. आम्ही त्याला बल्बच म्हणायचो. जहाज पुढे जाताना नाळेपाशी लाट उठते, आणि ती उठवण्यातच इंजिनाची बरीच ताकद वाया जाते. बल्ब आपली वेगळी लाट उठवतो. तो नीट बेतला असेल तर त्याच्या लाटेचा खळगा बरोबर नाळेच्या लाटेच्या उंचवट्यावर येतो आणि दोन्ही बऱ्याचशा जिरतात. अर्थात हा हिशेब ठरावीक वेगालाच जुळतो. मुंबई-गोवा रात्रभर रमतगमत जायचं असेल तर त्या नाकाचा फारसा उपयोग नाही, हेही मी त्याला प्रामाणिकपणे सांगितलं.

नोकरीला लागलो तेव्हा माझ्या ड्रॉइंग बोर्डाच्या कडेला मासिकातून कापलेलं एक चित्र चिकटवलेलं होतं. नॉर्मन बेल गेडेस या अमेरिकन माणसाने 1932 मध्ये मांडलेलं भविष्यातलं प्रवासी जहाज. अख्खं जहाज एका गुळगुळीत कवचात, माशासारखं. दोऱ्या नाहीत, कठडे नाहीत, जीवरक्षक होड्यासुद्धा पोटात लपवलेल्या. मी त्यावर पार फिदा होतो. आमचे साहेब एकदा वाकून बघत म्हणाले, "नाटकवाल्याचं जहाज आहे हे." मला राग आला होता. पुढे कळलं, की बेल गेडेस खरोखरच मूळचा रंगमंचाचे सेट उभारणारा.

साहेबांचं म्हणणं असं, की शांत हवेत जहाजाला जो विरोध होतो त्यात वाऱ्याचा वाटा शंभरात दोन-चार. बाकीचा सगळा पाण्याचा. मग वरून कवच चढवून काय मिळवलंत? मोटारीचं आणि विमानाचं गणित समुद्रात नेलं की असं होतं. तसं एक जहाज अमेरिकेत सिएटलला खरंच झालं, 1935 मध्ये. 'कलाकाला' नावाची फेरीबोट. नाव ऐकून मला आपला दहीकाला आठवतो. दिसायला चंदेरी अंडं, पण चालली की थरथरायची, आणि सुकाणूघर इतकं मागे की कप्तानाला स्वतःची नाळ दिसायची नाही. 1967 ला निवृत्त झाली, 2015 मध्ये भंगारात गेली.

त्याच 1935 साली 'नॉर्मंडी' हे फ्रान्सचं प्रवासी जहाज न्यूयॉर्कला निघालं. तिची अंगलट व्लादिमीर युर्केविच या माणसाची. पूर्वी रशियन नौदलासाठी युद्धनौका आखणारा, क्रांतीनंतर देश सुटला, फ्रान्समध्ये मोटारीच्या कारखान्यात काम करून दिवस काढले. बल्ब त्याने शोधला नव्हता, त्याच्याआधी जर्मनांच्या 'ब्रेमेन'ला होता. पण 313 मीटरच्या जहाजाला त्याने जो आकार दिला त्याने पहिल्याच फेरीत वेगाचा विक्रम मोडला. पहिल्या वर्षी मागची बाजू फार हादरायची, मग पाण्यातले जहाज ढकलणारे तीन पात्यांचे पंखे काढून चार पात्यांचे बसवले. तिचं तिसरं धुरांडं नुसतं शोभेचं होतं, त्यात कुत्र्यांची खोली! म्हणजे नाटक तिथेही होतंच. पण वर. पाण्याखाली चोख गणित.

मी लाकडी पट्टी वाकवून, शिशाची वजनं ठेवून वक्ररेषा काढायचो. बोट फिरवलं की जरा कुठे पोट निघालंय ते डोळ्याआधी बोटाला कळायचं. युर्केविचचं काम बघताना म्हणूनच माझा जीव अजून अडकतो, गेडेसचं बघताना नाही.

तरी गेडेसला एका गोष्टीचं श्रेय द्यावंसं वाटतं. होड्या. जुन्या लायनरवर, म्हणजे लांब पल्ल्याच्या प्रवासी जहाजांवर, त्या सगळ्यात वरच्या डेकवर टांगलेल्या, समोरचा समुद्र अडवून. 1947 च्या डच 'विलेम रॉइस'ने आणि मग 1961 च्या 'कॅनबेरा'ने त्या खाली आणून जहाजाच्या कुशीतल्या खोबणीत बसवल्या. वजन खाली आलं, होडी उतरवायचं अंतर घटलं, वरचा डेक उन्हाला आणि पोहण्याच्या तलावाला मोकळा झाला. आजची बहुतेक क्रूझ जहाजं याच वळणाची. त्यांनी गेडेसचं चित्र बघून हे केलं असं मी म्हणणार नाही. पण 'स्वच्छ अंग' ही हौस त्याचीच. बाकी त्याची कवचाची कल्पना तर पार उलटी झाली. त्याने माणसं काचेआड कोंडली, आणि आता जो तो स्वतःची बाल्कनी मागतो. मग जहाज चाळीसारखं चौकोनी दिसतं. मला चाळ आवडते, पण समुद्रात नाही.

आम्ही चढलो ती 'एम्प्रेस' 1990 ची, बांधलेली फ्रान्सच्या सां-नाझेरला. नॉर्मंडीही तिथलीच. हे सांगितल्यावर बायको म्हणाली, "म्हणजे आपण तिच्या भाचीवर बसलोय." रात्री डेकवर ती लांबच्या दिव्यांकडे बघत होती. लहानपणी ती कोकण बोटीने जायची, आणि भर समुद्रात बोटीवरून पडावात उतरताना तिची आई तिला पदराला गाठ मारून धरायची.

सकाळी मुरगावच्या बंदराबाहेर एक रिकामं मालवाहू जहाज पाण्यावर उंच उभं होतं. पुढे तांबडं, शेवाळलेलं नाक अर्धं बाहेर, त्यावरून पाणी ठिबकतंय. नातू कठड्याला चिकटला. "आबा, पूर्ण पाच!"